अनिश्चित साहाय्य आणि निश्चित वचन

प्रतिवर्षी फाल्गुन-चैत्राच्या संधीस आपल्या समाजातील अनेक घरांत एक ऊहापोह सुरू होतो. मुलाने अथवा मुलीने परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, महाविद्यालयांकडे अर्ज केलेले असतात. त्यांची उत्तरे मार्च-एप्रिलमध्ये येऊ लागतात. प्रवेश मिळाल्याचा आनंद घरात पसरतो न पसरतो तोच द्रव्यसाहाय्याचा तपशील असलेले दुसरे पत्र हाती पडते, आणि मग प्रश्न उभा राहतो की, हे साहाय्य पुरे पडेल काय, ते टिकेल काय, आणि त्याच्या भरवशावर ‘आम्ही येतो’ असे लिहून द्यावे काय? विचारास मुदत थोडी असते. पदवीच्या अभ्यासक्रमासाठी तेथे बहुतेक ठिकाणी १ मे ही उत्तराची तारीख रूढ आहे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांस वृत्ती देऊ करणाऱ्या अनेक विद्यापीठांनी १५ एप्रिलपूर्वी कोणावरही उत्तराची सक्ती न करण्याचा संकेत मान्य केलेला आहे. या तारखांच्या आत घराने आपला निर्णय करावयाचा असतो.

हा प्रश्न केवळ बेरीज-वजाबाकीचा असता, तर तो मंदिराच्या पत्रिकेत मांडण्याचे प्रयोजन नव्हते. कोणीही जाणता हिशेबनीस तो सोडवू शकला असता. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. समोरचा पक्ष जे देऊ करतो ते बहुधा सशर्त, मुदतीचे व बदलणारे असते. आपण जे देतो ते मात्र निश्चित असते. आपले मूल, त्याच्या आयुष्याची चार वर्षे, घराची शिल्लक आणि आपला शब्द, एवढे सारे आपण त्या एका होकाराने गुंतवतो. अनिश्चितावर निश्चित उभारावे की नाही, उभारावयाचे तर किती, आणि त्यात कोणाचा वाटा कोणाच्या संमतीने खर्ची घालावा, हा तो प्रश्न होय. त्याचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या पत्राचे खरे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ‘साहाय्य’ हा एकच शब्द तेथे तीन भिन्न वस्तूंस लावलेला आढळतो. पहिली वस्तू दान, म्हणजे परत न करावयाची शिष्यवृत्ती. दुसरी ऋण, म्हणजे व्याजासह फेडावयाचे कर्ज. तिसरी श्रममूल्य, म्हणजे विद्यार्थ्याने महाविद्यालयात काम करून पुढे मिळवावयाचा पैसा. या तिन्हींची बेरीज करून पत्राच्या तळाशी एक मोठा आकडा लिहिलेला असतो, व तो पाहून घरातील मंडळी हरखून जातात. समजा, वर्षाचा सारा खर्च ६०,००० डॉलर आहे आणि पत्रात ४५,००० डॉलरांचे साहाय्य दाखवलेले आहे. त्यांपैकी ३०,००० दान, १०,००० ऋण आणि ५,००० श्रममूल्य असेल, तर त्या घरावर पडणारा भार १५,००० नसून ३०,००० आहे. ऋण म्हणजे उद्याचा आपलाच पैसा, आणि श्रममूल्य म्हणजे मुलाच्या घामाचा पैसा. त्यांस दुसऱ्याने दिलेली देणगी म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

आणि हा खेळ अपवादाने चालतो असेही नाही. अमेरिकी संसदेच्या वतीने सरकारी कारभार तपासणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अखेरीस एक अहवाल प्रसिद्ध केला. तेथील सुमारे ९१ टक्के महाविद्यालये विद्यार्थ्यास प्रत्यक्ष किती रक्कम भरावी लागेल हा आकडा आपल्या पत्रांत एक तर देतच नाहीत, किंवा खऱ्याहून कमी दाखवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील नागरिकांची ही स्थिती, तर सात समुद्रांपलीकडून ते पत्र वाचणाऱ्या आपल्या लोकांची काय कथा! त्यातही आपल्या मुलांस आणखी काही अडचणी आहेत. अमेरिकी केंद्र सरकारचे अनुदान व कर्ज विद्यार्थी-परवान्यावर गेलेल्या परदेशी मुलांस मिळत नाही. सत्र चालू असताना त्यांस महाविद्यालयाच्या आवारातच, व आठवड्यास २० तासांपर्यंतच, काम करता येते. ऐपत न पाहता प्रवेश द्यावयाचा आणि मग गरजेइतके सारे साहाय्य द्यावयाचे, हे धोरण परदेशी विद्यार्थ्यांसही लावणाऱ्या संस्था फार थोड्या आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. व अ‍ॅम्हर्स्ट ही त्यांतील ठळक नावे. इतरत्र जे मिळते ते संस्थेच्या इच्छेवर व तिजोरीवर अवलंबून असते.

यापुढची गोष्ट काळाची. पत्रातील आकडा बहुधा एका वर्षाचा असतो. शिक्षण चार वर्षांचे असते. वरच्याच उदाहरणात खर्च दरसाल ४ टक्क्यांनी वाढला व दान मात्र ३०,००० वरच स्थिर राहिले, तर चार वर्षांत घरावर १,२०,००० ऐवजी सुमारे १,३४,८०० डॉलरांचा भार पडेल. शिवाय आपण कमावतो रुपये आणि भरतो डॉलर. २०१४ साली एका डॉलरास सुमारे ६० रुपये पडत. २०२४ च्या अखेरीस ८५ हून अधिक पडू लागले. शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यास कित्येकदा ठराविक गुणांची अट असते; आणि परक्या देशातील पहिल्या वर्षी, परकी हवा, परके अन्न व परकी अध्यापनपद्धती यांमुळे हुशार मुलाचेही गुण कधी कधी खाली येतात. हे सारे लिहिलेले असते, परंतु बारीक अक्षरांत. आणि आनंदाच्या भरात बारीक अक्षरे वाचण्याची आपली रीत नाही.

आपल्या समाजास ही अनिश्चितता नवी नाही. एके काळी गरीब विद्यार्थी शहरात शिकावयास येत तेव्हा वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरांनी वाटून घेतलेले असत. ज्यास वार मिळत नसत तो माधुकरी मागून दिवस काढी. त्या व्यवस्थेत दैन्य होते, मानहानीही होती, आणि ती सर्व जातींच्या मुलांस सारखी खुली नव्हती, हेही विसरून चालणार नाही. परंतु तिच्यात एक स्पष्टपणा होता. आपले किती वार लागले आहेत व कोणता वार रिकामा आहे, हे त्या मुलास पक्के ठाऊक असे. रिकाम्या वारी उपास काढावयाचा की मूठभर चुरमुऱ्यांवर भागवावयाचे, याची तो आधीच तजवीज करी. पाच वार लागले असताना सात लागले असे तो स्वतःस सांगत नसे. आज लक्षावधी रुपयांचे निर्णय घेणारी सुशिक्षित घरे नेमकी हीच चूक करतात. दोन वर्षांचे साहाय्य हाती असताना ती चार वर्षांचे आहे असे धरून चालतात, आणि तिसरे वर्ष उजाडले म्हणजे ‘असे कसे झाले?’ म्हणून कपाळाला हात लावतात. शिष्यवृत्तीची किती वर्षे भरलेली आहेत व किती वार रिकामे आहेत, हे प्रथम कागदावर मांडले पाहिजे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो श्रद्धावंतांकडून येतो म्हणून त्याचा आदराने विचार करावयास हवा. ते म्हणतात, ‘इतका हिशेब कशाला? चांगल्या कामास देव पाठीशी असतो, पुढचे पुढे.’ ईश्वरावर भार टाकणे ही आपल्या संतपरंपरेची शिकवण खरीच. परंतु ज्या संतांनी ती शिकवण दिली त्यांनी डोळे मिटून चालावयास सांगितले नाही. गीतेने फलाची आसक्ती सोडावयास सांगितले, कर्मातील कौशल्य सोडावयास नव्हे. आपल्या वाट्याचे काम पुरते करून उरलेला भार देवावर टाकणे ही श्रद्धा. आणि आपल्या वाट्याचे कामच देवावर टाकणे हा आळस. पत्र नीट न वाचणे, प्रश्न न विचारणे व त्यास भक्तीचे नाव देणे, ही देवाचीही फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो, व मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. व्यवहारी माणूस म्हणतो, ‘ज्याची शाश्वती नाही त्यास हात लावू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे.’ सल्ला शहाणपणाचा दिसतो; परंतु तो सरसकट पाळला तर त्याचा परिणाम काय होईल? श्रीमंताचे मूल अनिश्चितता सहज पचवू शकते, कारण साहाय्य तुटले तरी वडिलांची तिजोरी आहे. गरीब व मध्यम घरातील मुलाने मात्र केवळ निश्चित तेवढेच घ्यावे असे म्हटले, तर धाडस करण्याचा हक्कही श्रीमंतीबरोबर वारशाने मिळणारी वस्तू ठरते. ज्यांचे अंथरूण पिढ्यान्‌पिढ्या आखूड ठेवले गेले, त्यांना पाय आखडून घ्या म्हणणे हा न्याय नव्हे. म्हणून अनिश्चितता आहे एवढ्यावरून नकार द्यावा, हे उत्तर मला मान्य नाही.

मग मार्ग कोणता? मला वाटते, तो आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वी शोधून ठेवला आहे. शेतकरी मृगाच्या भरवशावर पेरणी करतो. पाऊस पडेलच अशी हमी त्यास कोणी दिलेली नसते. हमी मिळेपर्यंत थांबेन म्हणेल तर त्याचे शेत जन्मभर पडीक राहील. परंतु जाणता शेतकरी घरातील सारे बी पहिल्याच सरीवर ओतत नाही. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी करता यावी म्हणून थोडे राखून ठेवतो. धाडस आणि अविचार यांतील भेद एवढाच आहे. अनिश्चित साहाय्यावर प्रवेश घेणे अनुचित नाही. दुबार पेरणीचे बी न राखता घेणे अनुचित आहे. दुसऱ्या वर्षी वृत्ती थांबली तर काय करावयाचे, याचे एक तरी खरे, लिहून ठेवलेले उत्तर घरात असले पाहिजे. ते उत्तर कोणा आप्ताचे लेखी आश्वासन असेल, तारण मोकळे ठेवून अजून न काढलेले कर्ज असेल, किंवा शिक्षण तेथेच थांबवून स्वदेशातील विद्यापीठात ते पुरे करण्याची तयारी असेल. देशातील निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन न देता कर्ज देणारी पीएम-विद्यालक्ष्मी योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देण्याची तीत तरतूद आहे. अशी वाट डोळ्यांसमोर असणे म्हणजे पराभवाची तयारी नव्हे. ते राखून ठेवलेले बी आहे.

आपल्या वडोदऱ्याच्या इतिहासात या प्रश्नाचे एक थोर उदाहरण आहे. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्याबरोबर एक करारही होता: शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. कोलंबियातील अभ्यास आटोपून ते १९१६ साली लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीचा काळ संपल्यामुळे १९१७ साली तेथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांस परतावे लागले. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक ही की, साहाय्य अपुरे पडण्याची शक्यता दिसत असूनही त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. दुसरी ही की, निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. दार ओढून घेतले, पण कडी लावू दिली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून बचत केली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी स्नेह्याचे कर्ज त्यास जोडले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही पदवी त्यांनी संपादन केली. दुबार पेरणी म्हणतात ती हीच.

परंतु या कथेचा एक भाग आपल्या नगरास लाज आणणारा आहे, व तो वगळला तर कथा खोटी होईल. करार पाळण्यासाठी डॉ. आंबेडकर १९१७ साली वडोदऱ्यास आले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात आसरा घेतला असता तेथूनही त्यांस हुसकावले गेले. कचेरीतही अवहेलनाच वाट्यास आली, आणि थोड्याच दिवसांत त्यांस हे शहर सोडावे लागले. सयाजीबागेतील ज्या झाडाखाली ते त्या दिवशी बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. घेणाऱ्याने आपला शब्द पाळला. देणाऱ्या राजानेही पैसा दिला. परंतु ज्या समाजात त्या शिक्षणाचा उपयोग व्हावयाचा, त्याने आपले कर्तव्य केले नाही. मदत ही नुसती रकमेने पुरी होत नाही, हा धडा त्या झाडाखाली आपण सर्वांनी शिकावा असा आहे.

आता वचनाच्या प्रामाणिकपणाकडे वळू. साहाय्य अनिश्चित आहे म्हणून काही घरे एक युक्ती करतात: दोन महाविद्यालयांस होकार कळवून दोन्हीकडे अनामत भरावयाची, व पुढे ज्याचे पारडे जड होईल तेथे जावयाचे. अनामत बुडाली की हिशेब मिटला, असे त्यांस वाटते. परंतु त्या धरून ठेवलेल्या जागेमागे प्रतीक्षायादीत कोणीतरी दुसरे मूल उभे असते, आणि त्याच्या घरातही असाच ऊहापोह चाललेला असतो. आपल्या सोयीसाठी त्याची वाट अडवणे हे अनामतीच्या रकमेने फिटणारे पाप नव्हे. संस्था तरी कोठे धुतल्या तांदळासारख्या आहेत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. १ मेनंतर दुसऱ्याकडे नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यास आपल्याकडे ओढू नये, असा नियम तेथील प्रवेश-सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेने घालून घेतला होता. तो स्पर्धेस बाधक ठरवला गेल्याने २०१९ साली संघटनेस तो काढून टाकावा लागला. तेव्हापासून होकारानंतरही अधिक रकमेचे आमिष येऊ शकते. परंतु समोरच्याचा नियम सुटला म्हणून आपला शब्द सुटत नाही. परिस्थिती खरोखर पालटली, घरातील मिळवता माणूस गेला किंवा कबूल केलेले साहाय्यच मागे घेतले गेले, तर होकार मागे घेण्यात दोष नाही; तो ताबडतोब व स्पष्ट शब्दांत मागे घ्यावा, म्हणजे रिकामी जागा दुसऱ्याच्या कामी येईल.

तशीच एक खोटी रीत पैसा दाखवण्याच्या बाबतीत पडली आहे. पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवल्यावाचून अमेरिकेतील महाविद्यालय परवान्यास लागणारे आय-२० पत्र देत नाही. म्हणून काही मंडळी नातलगांची रक्कम आठ-पंधरा दिवस आपल्या खात्यात आणून ठेवतात, दाखला घेतात व रक्कम परत करतात. दुसरी काही मंडळी साहाय्य मिळावे म्हणून खरे उत्पन्न झाकून कमी उत्पन्नाचा दाखला काढतात. एकाच घराने एकीकडे श्रीमंत व दुसरीकडे गरीब व्हावे, हा मोठाच विनोद आहे! परंतु त्याचा परिणाम विनोदी नाही. पहिल्या लबाडीने आपण स्वतःसच फसवतो, कारण ती तरतूद दाखवावयास सांगण्यामागे मूल परदेशी उपाशी पडू नये हाही हेतू असतो. दुसऱ्या लबाडीने खरोखर गरजू असलेल्या मुलाचे ताट आपण ओढून घेतो. विद्येचा आरंभ असत्याने करणाऱ्या घरात सरस्वतीची पूजा कोणत्या तोंडाने व्हावी?

याउलट, जे मागावयाचे ते उघडपणे मागण्यात मुळीच कमीपणा नाही. पत्रातील आकडा पुरत नसेल तर महाविद्यालयास तसे लिहावे, घराची खरी स्थिती कळवावी, आणि पुनर्विचाराची विनंती करावी. ही वृत्ती किती वर्षांची? खर्च वाढल्यास ती वाढेल काय? गुणांची अट कोणती, व ती एकदा चुकल्यास पुन्हा संधी आहे काय? बाहेरून दुसरी शिष्यवृत्ती मिळाली तर आपण तेवढीच रक्कम कमी कराल काय? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. आपल्या लोकांत अशा वेळी एक भिडस्तपणा असतो. देणाऱ्यास प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. परंतु ज्यास वचन द्यावयाचे त्याचे वचन नीट समजून घेणे हा दोघांचाही मान राखणारा व्यवहार आहे. सोयरीक ठरवताना याद्या करणारे आपण, येथेच का संकोचावे?

सर्वांत नाजूक प्रश्न घरातला आहे. महाविद्यालय देते ते साहाय्य पत्रात लिहिलेले असते. घर देते ते कोठेच लिहिलेले नसते. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रात त्यांचे वडील बंधू गोविंदराव यांची हकीकत आहे. वडील वारल्यावर त्यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली, व त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठी पाठवीत. गोखल्यांचे नाव सारे जग जाणते. त्या आठ रुपयांचा धनी मागेच राहिला. आजही प्रत्येक मोठ्या शिक्षणामागे असा कोणीतरी गोविंदराव असतो. कधी ते आईचे दागिने असतात, कधी वडिलांचा म्हातारपणाचा फंड असतो. आणि, स्पष्टच बोलायचे तर, पुष्कळदा ते धाकट्या बहिणीचे शिक्षण असते. ‘दादाचे होऊ दे, मग हिचे पाहू,’ असे म्हणत तिला जवळच्या, स्वस्त, तिला नको असलेल्या अभ्यासक्रमात घातले जाते, व या त्यागाविषयी तिचे मत कोणी विचारलेलेही नसते.

त्याग थोर खराच. परंतु जो स्वतः केला तोच त्याग. दुसऱ्याकडून न विचारता करवला तो हिसकावून घेतलेला वाटा होय. गोविंदरावांनी आपले दिले. आपण मुलीचे मुलास देतो. म्हणून होकार लिहिण्यापूर्वी घरातील सर्वांसमक्ष, धाकट्यांसमक्षही, सारा हिशेब मांडावा. ज्याच्यासाठी हा खर्च आहे त्या मुलापासून तर तो मुळीच लपवू नये. अठरा वर्षांच्या मुलास आपल्या शिक्षणाची किंमत कळली तर त्याच्या मनावर ओझे पडेल, असे आईवडिलांस वाटते. ओझे पडेलच, परंतु ते ओझे त्याचेच आहे. चार वर्षांनी ते अचानक डोक्यावर कोसळण्यापेक्षा आज समजून-उमजून उचललेले बरे. कदाचित सारे ऐकून तो स्वतःच म्हणेल की, दुसऱ्या संस्थेचे नाव लहान असले तरी तिचे साहाय्य चारही वर्षांचे आहे, मी तेथे जातो. असा निर्णय त्याने केला तर त्यात त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.

शेवटी देणाऱ्यांविषयी. केवळ घेणाऱ्यांसच विवेक शिकवून हा लेख संपवला तर तो एकांगी होईल. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सरकारी संशोधन-निधी अडल्यामुळे मॅसॅच्युसेट्स राज्यातील यूमास चॅन या वैद्यकीय विद्यापीठाने त्या वर्षीच्या जैववैद्यक संशोधन-विद्यार्थ्यांस दिलेले प्रवेश मागे घेतले. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या देशात राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ उमेदवार निवडले गेले असता प्रथम ४० जणांसच तात्पुरती पत्रे दिली गेली, व उरलेल्यांस निधीच्या उपलब्धतेनुसार पत्रे मिळतील असे कळवण्यात आले. वंचित वर्गातील त्या मुलांच्या हाती परदेशातील प्रवेश होता. सत्र सुरू होण्याचे दिवस जवळ आले होते. निवड झाली, परंतु पैसा सांगता येत नाही, ही अवस्था नकाराहूनही कठीण असते. नकार मिळालेला मनुष्य दुसरी वाट धरतो. टांगणीवरचा मनुष्य कोणतीच वाट धरू शकत नाही.

आपल्यासारख्या लहान संस्थाही थोडेफार शिष्यवेतन देतात. शुल्क भरावयाचे जूनमध्ये आणि साहाय्याचा समारंभ दसऱ्यास, अशी रीत अनेक मंडळांत आढळते. हार, श्रीफळ व टाळ्या यांच्यासाठी तो मुहूर्त चांगला. परंतु ज्याने जूनमध्ये सावकाराकडून पैसे उचलले त्याच्या व्याजास मुहूर्त कळत नाही. थोडे द्यावे, पण वेळेवर द्यावे. आणि किती वर्षे देणार ते आरंभीच लिहून द्यावे. पाच मुलांस एकेक वर्ष देण्यापेक्षा दोघांस पूर्ण अभ्यासक्रमभर देणे कित्येकदा अधिक धर्माचे ठरेल. जे पुरे करता येणार नाही त्याचे आश्वासन देऊ नये. आणि दिले तर समारंभ आखडून, वेळ पडल्यास मंडपाचा खर्च कमी करूनही, ते पुरे करावे. मुलास विद्येसाठी दिलेला शब्द हा देवास बोललेल्या नवसाहून हलका नाही.

या साऱ्याचे तात्पर्य थोडक्यात असे. पहिल्या वर्षाचा खर्च खऱ्या पैशाने भागत असेल, पुढच्या वर्षांतील रिकामे वार कोणते हे ठाऊक असेल, दुबार पेरणीचे बी राखलेले असेल, घरातील कोणाचाही वाटा त्याच्या संमतीवाचून घेतलेला नसेल, आणि होकार एकाच ठिकाणी दिलेला असेल, तर साहाय्य पूर्ण निश्चित नसतानाही पाऊल टाकण्यास हरकत नाही. एवढे करूनही पाऊस हुलकावणी देऊ शकतो. तसे झाले आणि मूल शिक्षण अर्धे टाकून परत आले, तर त्यास ‘आम्ही सांगत होतो’ असे कोणी ऐकवू नये. निर्णय सर्वांनी मिळून केला असेल तर त्याचे फळही सर्वांनी मिळून घ्यावयाचे असते. १९१७ साली अर्धा अभ्यास सोडून परतलेला एक विद्यार्थी १९२० साली पुन्हा निघाला होता, हे आपल्या नगरास तरी विसरता येणार नाही. परतलेल्या मुलास घराचे दार उघडे मिळाले पाहिजे. त्याने दुसऱ्यांदा निघावयाचे ठरवले, तर मंडळाचेही.